अंगी लागणं

आज टोफू बसला नाही.
पहाटे तीनला आत्याने उकळत्या दुधात खारं पाणी सोडलं,
पळी फिरवली, झाकण ठेवलं,
आणि उभी राहिली, चाळीस वर्षं उभी राहते तशी,
एक हात कमरेवर, कान झाकणाकडे.
(जमताना आवाज येतो, म्हणते. मला कधी आला नाही.)
झाकण काढलं तर वर गढूळ निवळी
आणि खाली गोळे, बोट लागताच विरणारे.

बाहेर उणे एकतीस. कशान गाव अजून पांघरुणात.
आत्याने मूठभर सोयाबीन दिव्याखाली धरलं:
कीड नाही, बुरशी नाही, वास नाही.
फक्त रंग जरासा उतरलेला,
कपाच्या आत चहाचा पहिला डाग पडतो तेवढा.
"दाण्यात काही नाही," म्हणाली. "मग माझ्याच हातात असेल."

आत्या, मी हार्बिनला हेच तर करते, पगार घेऊन.
चांगले दाणे एका उबदार कपाटात ठेवते
आणि त्यांना म्हातारे होऊ देते.
हवा लागते त्यांना. खिळ्याला लागते तीच.
पण दाण्याचा गंज तांबडा नसतो,
दिसतच नाही. नळीत एक औषध टाकावं लागतं,
मग पिवळा रंग चढतो. जितका गडद, तितकं गेलेलं.

प्रथिन म्हणजे घडी घातलेला धागा.
हवा खाल्ली की घडीला घडी चिकटते,
पोटातल्या कात्रीला जिथे कापायचं
तिथली खूणच पुसली जाते.
कात्री वाजत राहते नुसती.

आणि माझ्याकडे पेशी आहेत.
फार पूर्वी कुणाच्या तरी आतड्यातल्या गाठीतून काढलेल्या;
माणूस गेला, त्या राहिल्या.
एकवीस दिवस निगुतीने सांभाळल्या
की गाठ असल्याचं विसरतात,
खांद्याला खांदा लावून आतड्यासारख्या वागू लागतात.
त्यांना मी जुन्या दाण्याचं अर्धवट पचलेलं पाणी पाजते.
मरत नाहीत. हे आधी सांगायला हवं.
दमतात.
घरात भरून ठेवलेलं पाणी
बारीक बारीक आगी विझवण्यातच संपवतात.

आत्याने सगळं ऐकलं, निवळी मोरीत ओतत.
मग मान न वळवता विचारलं,
"आपला रुईचे. दिवसाला तीन वाट्या खातो
आणि अंगी काही लागत नाही.
ते हेच का?"

माझं उत्तर तयार नव्हतं.
मी बश्यांमधलं जाणते, आत्या. मुलांमधलं नाही.
काचेवर जे घडतं ते सहा वर्षांच्या पोटात
तसंच घडेल, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.
कदाचित जंत असतील. कदाचित त्याची आई
दूर शहरात आहे, तेही असेल.

"पोती कुठे ठेवतेस?" मी विचारलं.
तिने हनुवटीने दाखवलं.
भट्टीच्या धगीवर तापणारा विटांचा खाङ-पलंग,
त्याच्या भिंतीला टेकून दोन पोती,
गेल्याच्या गेल्या शरदापासून.
"थंडीत दाणा काकडू नये म्हणून," ती म्हणाली
आणि बोलता बोलता थांबली.

मी काहीच म्हटलं नाही.
भट्टीत एक लाकूड फुटलं.

"दाण्याला थंडी चालते?"
"चालते. आवडतेच म्हण."
ती हसली नाही. पदर नव्हता, ॲप्रनलाच हात पुसले,
पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं मी.
पोत्याला पाठ लावून रुईचे झोपला होता;
आत्याने आधी त्याच्या मागे उशी सारली,
मग पोतं ओढलं.

दार उघडलं तशी पांढरी वाफ आत आली, गुडघ्यापर्यंत.
ओसरीवर पोतं टेकवून ती वाकली,
आणि कान लावला त्याला,
झाकणाला लावते तसा.